‘निष्काळजीपणा’ या शब्दाखाली सही करण्यापूर्वी

ताई, सादर नमस्कार.

मी ३६ वर्षांची आहे आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात सहा वर्षे दोन महिने ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणून काम करते आहे; हाताखाली कोणी नाही. गेल्या वर्षी माझ्या आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवून धरण्यात अडचण येणारा विकार) असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी भरायला दिलेल्या फॉर्मवरचे प्रश्न वाचताना ते मुलाबद्दल आहेत की माझ्याबद्दल, हेच मला कळेना. शेवटी मीही तपासून घेतले आणि मे महिन्यात माझेही तेच निदान झाले. तेव्हापासून सकाळी साडेसातला, मुलाचा डबा भरून झाला की, त्यावरची मिथाइलफेनिडेटची गोळी घेते. ऑफिसात कोणालाही काही सांगितलेले नाही.

यंदा माझ्या हातून तीन मोठ्या चुका झाल्या. ३१ मार्चला संध्याकाळी साडेसहाला एका ग्राहक कंपनीच्या पुण्याच्या कारखान्याचे टूलिंगचे (भाग बनवण्याच्या साच्यांचे) बिल मी त्यांच्या गुजरातच्या कारखान्याच्या नावे काढले. २० जूनला पाचच्या सुमारास एका पुरवठादाराचे ८६,४०० रुपयांचे बिल दुसऱ्यांदा अदा झाले; ते पैसे त्याने आठव्या दिवशी परत केले. १० जुलैला सव्वापाचला एका ग्राहकाचे दरपत्रक भलत्याच ग्राहकाला ईमेलने गेले. ही चूक मीच दहा मिनिटांत साहेबांना सांगितली. त्यावर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, डोकं घरी ठेवून येता का?” संध्याकाळी गेटपासचे फोनही माझ्याच टेबलावर असतात, पण ते कोण ऐकून घेणार?

१८ जुलैला ‘कामातील वारंवार निष्काळजीपणा’ असे लिहिलेले पत्र हातात पडले. सात दिवसांत खुलासा द्यायचा आहे, पुढचे ६० दिवस एकही चूक होता कामा नये, नाहीतर सेवा समाप्त. प्रतीवर ‘मान्य’ लिहून सही मागितली आहे. उद्या देते म्हणून मी वेळ मारून नेली. एचआरच्या मॅडमनी बाजूला घेऊन सांगितले की, स्वतःहून राजीनामा दिलात तर अनुभवाचे पत्र चांगले देऊ. मी अगदीच बिनकामाची आहे असे वाटू नये म्हणून सांगते, गेल्या ऑडिटमध्ये बँकेच्या जुळवणीतला तीन वर्षांचा घोळ मीच शोधून काढला होता. नवरा म्हणतो, लक्ष दिलेस तर तुला सगळे जमते.

ऑफिसात आजार सांगू का? कायद्याचे काही संरक्षण आहे का? की राजीनामा देऊन मोकळी होऊ?

एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमची मुदत या सदरासाठी थांबणारी नव्हती, म्हणून हे उत्तर तुम्हाला त्याच रात्री पाठवले होते. ओळख पटेल असे तपशील बदलून आणि तुमच्या परवानगीने ते आता येथे देत आहे, कारण थोड्याफार फरकाने याच आशयाची पत्रे हल्ली वरचेवर येतात.

आधी सहीचे पाहू, कारण ते उद्यावर आले आहे. पत्र घ्यायला नकार देऊ नका. नाकारलेले पत्र कंपनी टपालाने घरी पाठवते आणि ‘पत्र स्वीकारले नाही’ अशी आणखी एक नोंद तुमच्या नावावर चढते. मात्र ‘मान्य’ हा शब्द लिहू नका. ‘पत्र मिळाले. मजकूर मान्य नाही. खुलासा मुदतीत सादर करीन’ एवढेच लिहून, तारीख घालून सही करा आणि त्या प्रतीचा तिथल्या तिथे फोटो काढून ठेवा. हा कोणाला कज्जेदलालीचा प्रकार वाटेल. मी २२ वर्षे कारखान्यांच्या कार्मिक विभागात काढली आहेत आणि ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कागदावर का आणि कसा चढतो हे मी आतून पाहिले आहे. बोलण्यात ती रागाची भाषा असते, कागदावर ती आरोपाची होते. बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे सेवाशर्तींच्या नियमांत, वारंवार केलेला निष्काळजीपणा हा गैरवर्तनाच्या यादीत असतो, आणि ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात होती आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे अशी एक तरतूद आहे की, निष्काळजीपणामुळे मालकाच्या मालमत्तेचे नुकसान झाले म्हणून एखाद्याला कामावरून काढले, तर त्या नुकसानीइतकी ग्रॅच्युइटी रोखता येते. चूक झाली हे मान्य करणे आणि निष्काळजीपणा झाला हे मान्य करणे या दोन गोष्टींत म्हणूनच पैशांचा आणि पुढच्या नोकरीचा फरक आहे. पहिली गोष्ट तुम्ही मोकळ्या मनाने मान्य करा, दुसरी करू नका.

राजीनाम्याचेही याच ओघात सांगते. तुमचे पद ‘एक्झिक्युटिव्ह’ असले तरी कायदा पदाचे नाव पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहतो. बिले काढणे, नोंदी करणे, देणी चुकती करणे हे कारकुनी स्वरूपाचे काम आहे आणि तुमच्या हाताखाली कोणी नाही, त्यामुळे कामगार म्हणून मिळणाऱ्या संरक्षणावर तुमचा दावा सांगता येण्याजोगा आहे. तो मान्य झाला, तर एक वर्षाहून अधिक सेवा झालेल्या कामगाराला कपातीच्या नावाखाली सहज घरी बसवता येत नाही: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, म्हणजे तुमच्या बाबतीत ९० दिवसांचा. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायचे तर आरोपपत्र आणि चौकशी आली, तुमची बाजू ऐकणे आले. स्वतःहून दिलेल्या राजीनाम्याने या सगळ्यातून कंपनी एका ओळीत सुटते. ग्रॅच्युइटी मात्र, पाच वर्षे पूर्ण झालेली असल्याने, राजीनामा दिला तरी मिळते: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये धरले तर २६ ने भागून, १५ ने गुणून, सहा वर्षांचे सुमारे ६९,००० रुपये होतात. एचआरच्या मॅडमनी अनुभवाच्या पत्राचे आमिष दाखवले, पण या आकड्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, हे लक्षात असू द्या. पुढे तुम्ही ही नोकरी सोडालही. पण ती दुसरी नोकरी हातात आल्यावर, आणि तारीख तुम्ही ठरवून.

आता चुकांकडे येते, कारण तुमच्या पत्रातला खरा ऐवज तिथेच आहे आणि तुम्ही तो तीन वाक्यांत उरकला आहे.

पहिली चूक घ्या. एकाच कंपनीचे पुण्यातले आणि गुजरातेतले असे दोन कारखाने. दोघांचा पॅन एकच, म्हणून जीएसटी क्रमांकातली मधली दहा अक्षरे तंतोतंत सारखी. फरक मुख्यतः सुरुवातीच्या दोन आकड्यांत, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४. खात्यांच्या यादीत ही दोन नावे एकाखाली एक दिसत असणार आणि नावाची पहिली वीस अक्षरे सारखी असणार. वर्षअखेरीच्या संध्याकाळी, एका कानाला गेटपासचा फोन असताना, बाण एक ओळ खाली गेला. क्रमांक खरा होता, फक्त भलत्या कारखान्याचा होता, म्हणून यंत्रणेने कुठेही हरकत घेतली नाही. टूलिंगच्या बिलासोबत माल जात नाही, त्यामुळे फाटकावरही कोणी अडवले नाही. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदलेले बिल, २४ तासांच्या आत रद्द करता येते, पण २४ तासांत ते बिल दुसऱ्या कोणी पाहिलेच नाही. परिणामी राज्यातल्या दोन करांऐवजी राज्याबाहेरच्या विक्रीवरचा आयजीएसटी लागला, कराची वजावट पुण्याऐवजी गुजरातच्या खात्यात उमटली आणि ग्राहकाने तुमच्या कंपनीचे पैसे अडवले असतील. दुसरी चूक मी नुसत्या अनुभवावरून ओळखू शकते: बिल एकदा ईमेलने आले असेल आणि एकदा कागदावर, एकदा क्रमांकात तिरकी रेघ घातली गेली असेल आणि एकदा आडवी, संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी बिले झाली. तसे नसेल तर मला कळवा, पण बहुधा तसेच असेल. तिसऱ्या चुकीत पत्त्याची पहिली दोन अक्षरे टाइप केल्यावर ईमेलने स्वतःच जो पत्ता सुचवला तो तुम्ही घेतला. तिघींमध्ये ही खरोखर गंभीर आहे, कारण दर बाहेर गेले, आणि साहेबांच्या रागाला इथे कारण होते. त्यांच्या भाषेला नव्हते.

तारखा आणि वेळा तुम्हीच लिहिल्या आहेत, पण त्या एकाखाली एक मांडून पाहिल्या नसाव्यात. वर्षअखेर, जीएसटीच्या ३ब विवरणपत्राची शेवटची तारीख, म्हणजे २०, आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेचा आदला दिवस, म्हणजे १०. तिन्ही वेळा घड्याळात पाच ते साडेसहा. तिन्ही वेळा तुमच्याकडे फोन. एका माणसाच्या चुका सरसकट विखुरलेल्या असतील तर त्याला कामच जमत नाही असे म्हणता येते. तुमच्या चुका महिन्यातल्या ठरावीक दिवशी आणि दिवसातल्या ठरावीक दीड तासात आहेत. जे दुखणे एका जागी असते त्यावर पट्टी बांधता येते.

अशा चुकांना एडीएचडीची जोड का मिळते, तेही थोडक्यात सांगते. या विकारात ज्ञान कमी नसते. २७ म्हणजे महाराष्ट्र हे तुम्हाला झोपेतून उठवले तरी सांगता येईल. कमी पडते ती हातातल्या कामाचा धागा मनात धरून ठेवण्याची क्षमता: फोन वाजला, गेटवरच्या माणसाला उत्तर दिले आणि परत स्क्रीनकडे वळलात, तोवर ‘अजून पत्ता तपासायचा आहे’ ही मनातली चिठ्ठी गळून पडलेली असते, आणि ती गळाली हेसुद्धा कळत नाही. इतरांचीही गळते, तुमची जास्त वेळा गळते. निदानासाठी लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात आणि ती एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, म्हणूनच डॉक्टर शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत मागे जातात. ‘हुशार आहे पण धांदरट’ हा शेरा ज्या मुलींच्या प्रगतिपुस्तकात सालोसाल येत राहिला, त्यांतल्या कित्येक जणी वर्गात शांत बसून खिडकीबाहेर पाहत असल्याने कोणाच्या लक्षात आल्या नाहीत आणि आपल्या मुलांचे फॉर्म भरताना त्यांना आपला पत्ता लागला. तुमच्या यजमानांना एवढेच सांगा की, लक्ष देणे हीच ज्याची अडचण आहे त्याला ‘लक्ष दे’ हे सांगणे म्हणजे लंगड्याला ‘नीट चाल’ म्हणण्यासारखे आहे. ते वाईट हेतूने बोलत नसावेत. पुढच्या भेटीला त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या.

गोळीबद्दल मी डॉक्टरच्या भूमिकेत शिरणार नाही, पण एक हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. सावकाश विरघळणाऱ्या प्रकाराचा आठ ते बारा तास. तुम्ही साध्या प्रकारची गोळी साडेसातला घेत असाल, तर तिचा सगळ्यात चांगला वेळ रिक्षा आणि सकाळच्या चहात संपतो आणि दुपारी पाचला, ज्या दीड तासात तुमच्या चुका होतात, तुम्ही औषधाविनाच काम करत असता. तीन तारखा आणि तीन वेळा कागदावर लिहून तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांपुढे ठेवा आणि प्रकार किंवा वेळ बदलता येईल का, हे विचारा. स्वतः होऊन मात्रा वाढवू नका, दुपारी उरलेली गोळी तोडून घेऊ नका. या औषधाने रक्तदाब आणि नाडी वाढू शकते, भूक आणि झोप उडू शकते, आणि भारतात ते मनोपरिणामी पदार्थांच्या कायदेशीर यादीत असल्याने चिठ्ठीशिवाय मागायला गेलात तर नसती आफत ओढवेल.

तुमचा पहिला प्रश्न, सांगू की नको, याला उत्तर देण्याआधी कायदा जसा आहे तसा मांडते, कारण या बाबतीत इंटरनेटवरची बरीचशी धीराची वाक्ये अमेरिकेतली असतात. आपल्याकडच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे. एडीएचडी स्वतंत्र नावाने नाही. मानसिक आजाराच्या व्याख्येत ती बसवायची, तर विचार, मनःस्थिती, स्मरण यांतला बिघाड इतका असावा लागतो की त्याने रोजचे जगणे गंभीरपणे अडते, आणि आरक्षणासारख्या सवलतींना ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. सहा वर्षे नोकरी सांभाळलेल्या व्यक्तीला ते मिळणे अवघड आहे. शिवाय नोकरीत भेदभाव करू नये, काम करता यावे असे वाजवी बदल करून द्यावेत, हे कलम २० चे थेट बंधन सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी कंपनीवर समान संधी धोरण तयार करून जाहीर करण्याचे बंधन आहे. तुमच्या कंपनीचे असे धोरण आहे का ते शोधा. अनेक कंपन्यांत ते कोणीही न उघडलेल्या फोल्डरमध्ये पडलेले असते, आणि त्यातले एखादे वाक्य तुमच्या कामी येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी रविंदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात असे म्हटले आहे की, ज्या वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली त्यामागे मानसिक दिव्यांगत्व हे एक कारण असेल, तरी त्या व्यक्तीला अधिनियमाचे संरक्षण मागता येते; ते एकमेव कारण असण्याची गरज नाही. तो निकाल केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या अधिकाऱ्याचा होता, म्हणजे सरकारी नोकरीचा. तुमच्या वकिलाला तो माहीत असावा, पण त्याच्या भरवशावर तुम्ही आज साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ नये.

मग माझे मत असे. निदानाचे नाव आत्ता सांगू नका, पण उपचार चालू आहेत ही नोंद मात्र आत्ताच कागदावर आणा. दोन्ही टोकांना धोका आहे. नाव सांगितले की ते परत घेता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचे बंधन तुमच्या डॉक्टरांवर घालतो, चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या तुमच्या सहकाऱ्यांवर नाही, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाची चूक झाली तरी आधी तुमच्याकडेच पाहिले जाईल. उलट काहीच सांगितले नाही आणि सेवा समाप्तीचे पत्र हातात पडल्यावर फाइल काढली, तर ती सबब वाटते. आमच्या खात्यात आम्हीही ती तशीच वाचत असू. म्हणून मधला मार्ग धरा. ‘वैद्यकीय कारणासाठी माझे उपचार सुरू आहेत’ हे एक वाक्य खुलाशात घाला. मागितलेले बदल कंपनीने नाकारले किंवा प्रकरण सेवा समाप्तीकडे सरकू लागले, तर दुसरी पायरी: डॉक्टरांचे पत्र, तेही थेट एचआर प्रमुखांच्या नावे, बंद लिफाफ्यात, पोच घेऊन. त्या पत्रात विकाराचे वर्णन दोन ओळींत आणि कामात कोणता बदल आवश्यक आहे हे चार ओळींत असावे, असे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बहुतेक डॉक्टर उलट करतात. तुमची नोकरी सरकारी किंवा सरकारी बँकेतली असती, तर मी पहिल्याच पायरीला नाव सांगा असे म्हटले असते.

आणि बदल मागताना सहानुभूतीचा सूर लावू नका, कारण तुम्ही जे मागणार आहात ते हिशेबाच्या शिस्तीचेच आहे. बँकेत एक जण नोंद करतो आणि दुसरा मंजूर करतो. नेटबँकिंगमध्ये कंपन्यांना तशी सोय असते आणि तुमच्या कंपनीने ती वापरली असती, तर ८६,४०० रुपये दोनदा गेले नसते. गुजरातच्या खात्याच्या नावाआधी ‘गुजरात’ हा शब्द जोडणे हे दोन मिनिटांचे काम आहे. पाठवलेली ईमेल काही मिनिटे थांबवून ठेवण्याचा नियम आउटलुकमध्ये लावता येतो. जीमेलमध्ये हा अवधी जास्तीत जास्त ३० सेकंदांचा मिळतो, तो तरी पुरता ३० करून घ्या, आणि पत्ते आपोआप सुचवणारी सोय बंद करा. गेटपासचे फोन ९, १०, ११, १९ आणि २० या तारखांना चारनंतर दुसऱ्या टेबलावर जावेत, एवढीच तुमची खरी मागणी आहे. बाकीच्या गोष्टी तुम्ही कोणाला न विचारताही करू शकता, आणि करा.

इथे माझी एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका कारखान्यात असताना स्टोअरमधल्या एका कारकुनाला मी असेच पत्र लिहिले होते. त्यातली भाषा माझी होती आणि ती मला तेव्हा फार नेमकी वाटली होती. दोन रॅकवरचे भाग तो सारखा अदलाबदल करी. त्याने राजीनामा दिला. त्याच्या जागी आलेल्या तरुण मुलाने तिसऱ्या आठवड्यात नेमकी तीच अदलाबदल केली, तेव्हा मी पहिल्यांदा खाली स्टोअरमध्ये गेले आणि पाहिले की दोन्ही रॅकवरच्या चिठ्ठ्या एकाच रंगाच्या होत्या आणि क्रमांकात शेवटच्या आकड्याचाच फरक होता. चिठ्ठी बदलायला सव्वा रुपया लागला असेल. त्या माणसाला परत बोलावण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

खुलासा मी असा लिहिला असता. तुमच्या भाषेत फिरवून घ्या.

‘आपले १८ जुलैचे पत्र मिळाले. त्यात नमूद केलेल्या तिन्ही घटना घडल्या, हे मी नाकारत नाही आणि त्याबद्दल मला खेद आहे. त्या निष्काळजीपणातून घडल्या हे मात्र मला मान्य नाही. दुसऱ्या घटनेतील पूर्ण रक्कम आठव्या दिवशी परत मिळाली आहे. तिसऱ्या घटनेची माहिती मी स्वतः दहा मिनिटांच्या आत वरिष्ठांना दिली होती. तिन्ही घटना विवरणपत्रांच्या किंवा वर्षअखेरीच्या दिवशी, संध्याकाळी, नोंदींचे काम आणि गेटपासचे दूरध्वनी एकाच वेळी माझ्याकडे असताना घडल्या आहेत. एका वैद्यकीय कारणासाठी माझे उपचार सुरू असून आवश्यकता भासल्यास डॉक्टरांचे पत्र गोपनीयतेच्या अटीवर सादर करीन. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक घटनेचे कारण, मी स्वतः सुरू केलेली उपाययोजना आणि आपल्याकडून अपेक्षित असलेला बदल दिला आहे. ६० दिवसांच्या कालावधीत दर पंधरवड्याला माझ्या कामाचा लेखी आढावा घेतला जावा आणि “एकही चूक नको” याऐवजी किती नोंदींमागे किती दुरुस्त्या झाल्या, असे मोजता येणारे प्रमाण ठरवावे, ही विनंती.’

शेवटचे वाक्य कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. महिन्याला शेकडो नोंदी करणाऱ्या अकाउंट्समध्ये एकही चूक नको ही अट कोणीच पाळू शकत नाही. साहेबांच्याही नोंदी तपासल्या तर तेही नापास होतील. अशी अट घालणाऱ्याने निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि तुम्ही लेखी हरकत घेतली नाही तर ती तुम्हाला मान्य होती असे धरले जाते. खुलासा पाठवण्यापूर्वी एखाद्या कामगार वकिलाला दाखवून घ्या. सगळ्यांसमोर ऐकवलेले ते वाक्य तारीख, वेळ आणि तिथे कोण हजर होते यासह घरच्या वहीत लिहून ठेवा, खुलाशात मात्र आणू नका. तो राग वेगळ्या दिवसासाठी आहे.

या ६० दिवसांत दुसरीकडे अर्ज करत राहा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. अर्ज करताना बँकेच्या जुळवणीतल्या त्या घोळाचा विचार करा. तीन वर्षांचा गुंता ज्या डोक्याने एकट्याने सोडवला, त्याच डोक्याला तुम्ही बिनकामाचे म्हणता आहात. एखादा प्रश्न मनाने धरला की तासन्‌तास त्यात बुडून जाणे हीदेखील याच विकाराची दुसरी बाजू असते. जुळवणी, थकीत येणी, अंतर्गत लेखापरीक्षण अशा कामांत ती उपयोगी पडते; संध्याकाळच्या घाईत बिले काढण्यात ती वाया जाते. खुलाशानंतर बैठकीला बोलावले, तर हाच मुद्दा काढून कामांची अदलाबदल शक्य आहे का, हे विचारून पाहा. तुमच्या शेजारच्या टेबलावर जुळवणीला कंटाळलेले कोणीतरी नक्की असेल.

पत्राच्या शेवटी ‘मोकळी होऊ’ असे तुम्ही लिहिले आहे. त्याचा अर्थ मी नोकरीपुरताच घेतला आहे. तो त्याहून वेगळा असेल, किंवा रात्री तसे विचार येत असतील, तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनाही ते सांगा.

खुलासा २५ तारखेची वाट न पाहता २४ ला सकाळी पाठवा, गोळीचा अंमल असताना, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. एचआरच्या पत्त्यावर पाठवा, स्वतःच्या खासगी पत्त्यावर प्रत घ्या, आणि पाठवण्यापूर्वी तक्ता जोडला आहे ना, तेवढे एकदा पाहा. तुम्ही मला पाठवलेल्या ईमेलमध्ये ‘सोबत पत्राची प्रत जोडली आहे’ असे लिहिले होते. ती जोडलेली नव्हती.